१७० मिमी एन्ड्युरो बाईक आणि सह्याद्री: सेटिंगच्या नोंदी, शंका, अनुभव

मुरूमवाट (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या दिवाळीच्या आधी एक वापरलेली एन्ड्युरो बाईक (डोंगरातली सायकल) घेतली. ट्रॅव्हल (सस्पेन्शन किती दबू शकतं ते) पुढे १७० मिमी, मागे १६५, दोन्ही चाकं २९ इंची, फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्या ३८ मिमी जाडीच्या, हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) ६४ अंश. वजन पेडलसकट १६ किलोच्या जरा आत. चार वर्षं पैसे साठवले होते, त्यामुळे ती घरी आली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग पहिले पाच महिने ती मला अजिबात आवडली नाही. दगडांवरून उतरताना हँडलबार असा थडथडायचा की खाली पोचेपर्यंत बोटं बधिर व्हायची. चढावर मागचं चाक धोंड्यावरून उडायचं. जुन्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) मी जे उतार निवांत उतरायचो, तिथे या बाईकवर मला भीती वाटायला लागली. एका दुकानात दाखवली, तर उत्तर मिळालं, "लांब ट्रॅव्हलच्या गाड्या अशाच असतात, सवय होईल." सवय झाली नाही. विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती.

मग एका रविवारी फोर्कच्या नळीवरची ओ-रिंग (फोर्क किती दबला ते दाखवणारी रबरी कडी) नीट बघितली. टेकडीवरचा सगळ्यात वाईट उतार उतरून आलो होतो आणि ओ-रिंग ११५ मिमीवर थांबली होती. म्हणजे १७० पैकी ५५ मिमी मी कधी वापरलेच नव्हते! आधीच्या मालकाचं वजन ८८ किलो, माझं ६३. फोर्कमध्ये १०१ पीएसआय हवा आणि वरचं झाकण उघडल्यावर आत तीन टोकन (हवेची जागा कमी करून शेवटचा ट्रॅव्हल कडक करणारे तुकडे). मागच्या शॉकमध्ये २०५ पीएसआय. कम्प्रेशनचे (दबण्याला होणारा अडथळा, संथ आणि जलद) दोन्ही डायल जवळजवळ बंद. बाईक त्याच्यासाठी अगदी व्यवस्थित बसवलेली होती, आणि मी पाच महिने त्याची बाईक चालवत होतो.

त्या दिवसापासून एक वही केली. घरामागच्या टेकडीवरचा साधारण ४०० मीटरचा एकच उतार ठरवला: वर सुटा मुरूम, मध्ये कातळाच्या तीन पायऱ्या, खाली कोरड्या ओहोळातले धोंडे. एका फेरीत एकच बदल करायचा, खाली आल्यावर ओ-रिंगचा आकडा आणि हातांना काय वाटलं ते लिहायचं, मग पुन्हा वर. आधी मी तीन गोष्टी एकदम बदलायचो आणि सुधारणा कशाने झाली ते कळायचंच नाही.

आजचे आकडे (वजन ६३ किलो, पाठीवरची पिशवी ५ किलो):

फोर्क ७८ पीएसआय, एक टोकन, सॅग (नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते) ३१ मिमी, म्हणजे १८ टक्के. शॉकचा स्ट्रोक (शॉक स्वतः दबतो ते अंतर) ६५ मिमी, हवा १५८ पीएसआय, सॅग साडेएकोणीस मिमी, बरोबर ३० टक्के. टायर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय, मागे फोमचा इन्सर्ट.

सॅग मोजताना माझी एक मोठी चूक होत होती, ती आधी सांगतो. मी घरातल्या कपड्यांत, सीटवर बसून मोजायचो. उतारावर आपण बसलेले नसतो. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, बूट आणि तीन लिटर पाणी भरलेली पिशवी घालून, पेडलवर उभं राहून, कोपर वाकवून मोजायचं. कम्प्रेशन पूर्ण उघडं ठेवायचं. दुसऱ्या कुणीतरी बाईक धरावी आणि ओ-रिंग सरकवावी. हे काम माझी बहीण करते, आणि आकडाही तीच वाचते, कारण मी खाली वाकून बघितलं की वजन पुढे जातं आणि आकडा बदलतो.

रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग) आणि कम्प्रेशनबद्दल मला अजून खात्री नाही. जाणकारांनी लिहावं.

डेक्कनवाला

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक प्राथमिक शंका. एन्ड्युरो म्हटलं की मला मोटरसायकलची शर्यत आठवते. सायकलमध्ये याचा अर्थ काय? आणि दुसरं स्पष्टच विचारतो: पुण्याच्या टेकड्यांना १७० मिमी लागतात का? माझ्याकडे १३० मिमीची ट्रेल बाईक आहे, ३ किलोने हलकी, आणि तिच्यावर मी वेताळ टेकडी, बोपदेव, मुळशीकडच्या वाटा सगळं करतो.

स्क्वामिशकर

@डेक्कनवाला, शर्यतीच्या पद्धतीवरून नाव पडलं. एन्ड्युरोत फक्त उताराच्या टप्प्यांची वेळ मोजतात. दोन टप्प्यांमधला चढ स्वतःच्या पायांनी चढायचा, तिथे वेळ धरत नाहीत, पण पुढच्या टप्प्याला वेळेत पोचावं लागतं. म्हणून बाईक उतारावर जवळजवळ डाउनहिलसारखी आणि तरी दिवसभर चढवता येईल अशी हवी. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली, पहिली फेरी इटलीत पुंता आला इथे. पहिल्या वर्षी पुरुषांत जेरोम क्लेमेंत्झ आणि महिलांत ट्रेसी मोझली जिंकले. २०२३ पासून ती मालिका यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) वर्ल्ड कपमध्ये गेली. तेव्हाच्या आणि आजच्या बाइकांत खूप फरक आहे. फॉक्स ३८ आणि रॉकशॉक्स झेब हे ३८ मिमी नळ्यांचे फोर्क दोन्ही २०२० मध्ये आले, त्याआधी ३५-३६ मिमीवरच शर्यती व्हायच्या.

मी मूळचा कोथरूडचा, आता ब्रिटिश कोलंबियात. इकडे ग्रॅनाइटचे लांब तिरपे कातळ आणि ओल्या मुळ्या, त्यामुळे १७० मिमी ही चैन वाटत नाही. पुण्याबद्दल धागाकर्त्यानेच सांगावं.

आता रिबाउंड. डायल घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करा आणि तिथून उलटे क्लिक मोजा. नोंद नेहमी "बंदपासून किती" अशीच ठेवा, कारण उघड्या बाजूची शेवटची क्लिक नीट लागत नाही आणि मोजणी चुकते. मग एकामागोमाग पाच-सहा दगड असलेला तुकडा निवडा. रिबाउंड फार मंद असेल तर फोर्क एका दगडातून वर येण्याआधी दुसरा दगड येतो, तो अजून खाली दबतो, मग तिसरा, आणि शेवटी तुम्ही १७० मिमीच्या फोर्कवर ८० मिमी घेऊन उतरत असता. हातांना तो कडक वाटतो आणि माणूस हवा कमी करतो. हवा कमी केली की तो आणखी खाली बसतो. उलट फार जलद असेल तर पुढचं चाक दगडावरून उसळतं, वळणात पकड सुटते. हवा कमी केली की स्प्रिंगचा जोर कमी होतो, म्हणून रिबाउंडही उघडावा लागतो. तुम्ही १०१ वरून ७८ वर आलात, रिबाउंड किती क्लिक उघडला?

मुरूमवाट

@स्क्वामिशकर, उघडलाच नाही! तोच राहिला होता. बंदपासून ४ क्लिक. आज संध्याकाळी जाऊन बघतो.

@डेक्कनवाला, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. नुसत्या टेकडीसाठी १३०-१४० पुरे, आणि चढावर तुम्ही माझ्या पुढेच असाल. मी ही बाईक घेतली जुन्या घाटवाटांसाठी. देशावरून कोकणात उतरणाऱ्या बैलांच्या, खेचरांच्या वाटा, त्यातल्या बांधीव पायऱ्या ढासळून आता गुडघाभर उंचीचे टप्पे झालेत, मध्ये घसारा. तिथे तिसऱ्या तासाला हात दमलेले असतात, रेषा चुकते, आणि त्या चुकीच्या रेषेवर जास्तीचे ३०-४० मिमी मला वाचवतात. सकाळच्या फेरीला मी अजूनही हार्डटेलच काढतो.

ग्रीसचे हात

मी सस्पेन्शनची कामं करतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

शॉकपंपाबद्दल पहिल्यांदा. पंप लावला की शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, म्हणून काटा तुम्ही काल भरलेल्या आकड्यापेक्षा खाली दाखवतो. "रात्रीत हवा गेली" म्हणून लोक माझ्याकडे शॉक घेऊन येतात. गेलेली नसते. आणि पंप काढताना येणारा फुस्स आवाज नळीतल्या हवेचा असतो, शॉकच्या नाही. वरचेवर पंप लावून "तपासू" नका. सॅग मोजा, ते खरं माप.

दुसरं, एकदम हवा भरू नका. आत दोन कप्पे असतात, वरचा आणि उलट बाजूने ढकलणारा. दोन्हींतला दाब एका बारीक खाचेतून सारखा होतो. दर ५० पीएसआयला थांबून शॉक हलक्या हाताने दहा वेळा पाव ट्रॅव्हलपर्यंत दाबा. हे केलं नाही तर सुरुवातीचे काही सेंटीमीटर दगडासारखे लागतात, नाहीतर शॉक आपोआप खाली बसलेला दिसतो.

तिसरं आपल्याकडचं खास: ऊन. डिसेंबरात पहाटे १२ अंशांना १५८ पीएसआय भरलेला तोच शॉक मे महिन्यात ३८ अंशांच्या दुपारी हात न लावता साधारण १७३-१७४ दाखवेल. बंदिस्त हवेचं गणितच आहे ते. शिवाय उन्हाने तेल पातळ होतं, म्हणजे डँपिंग (तेलाने हालचालीला होणारा अडथळा) सैल पडतं. स्प्रिंग कडक आणि रिबाउंड जलद, दोन्ही एकदम. हिवाळ्यात बसवलेली बाईक उन्हाळ्यात उडवायला लागते त्याचं कारण हे. वहीत तापमानाचा रकाना घाला.

फोर्कचं खालचं तेल ५० तासांनी बदला. ५० तास ऐकायला खूप वाटतात, पण दर शनिवार-रविवार तीन-तीन तास म्हटलं तर दोन महिनेच होतात. पावसाळ्यात त्याहून आधी. मी उघडतो त्या निम्म्या फोर्कांत तेलाऐवजी राखाडी चिखल निघतो आणि आतला फोम कोरडा ठणठणीत असतो. तुमची बाईक वापरलेली आहे, आधी सर्व्हिस केलीत का? नसेल तर हे सगळे क्लिक व्यर्थ. घर्षण डायलने जात नाही.

मुरूमवाट

केली नव्हती. तुमचा प्रतिसाद वाचून परवा उघडली. तेल अक्षरशः कॉफीच्या रंगाचं होतं. फोम भिजवून, सील साफ करून, नवं तेल घालून बंद केली. त्याच ७८ पीएसआयवर सॅग ३१ वरून ३४ झाला. म्हणजे आतापर्यंतचे तीन मिलिमीटर घर्षणाने अडवले होते. आता ८१ पीएसआयवर ३१ आहे. वहीतली जुनी सगळी पानं आडवी रेघ मारून बाद केली.

रिबाउंड ४ वरून ७ केला. ओहोळातल्या धोंड्यांवर पहिल्यांदाच हातांना वेगवेगळा दगड कळला. आधी सगळे मिळून एकच थडथड होती.

उतारावरची

मनापासून लिहिते आहे, कारण हा विषय माझ्यासाठी जिव्हाळ्याचा आहे. माझं वजन ५२ किलो. फोर्कवर चिकटवलेल्या तक्त्यात माझी ओळ सगळ्यात वरची, सगळ्यात हलकी. सगळी टोकनं काढली, रिबाउंड पूर्ण उघडा, कम्प्रेशन पूर्ण उघडं, तरी १७० पैकी १३५ मिमीच्या पुढे मी कधी गेले नव्हते. दोन वर्षं मला सांगितलं गेलं की तू पुरेशी जोरात चालवत नाहीस. ते खरं नव्हतं. डँपरच्या आत पातळ पत्र्यांच्या चकत्यांची चळत असते, तेल त्यांना वाकवून पलीकडे जातं. ती चळत साधारण ७५-८० किलोच्या माणसाला धरून रचलेली होती. माझ्याने त्या चकत्या वाकतच नव्हत्या. शेवटी एका जाणत्या माणसाकडून चळत हलकी करून घेतली. त्यानंतर रिबाउंड बंदपासून ९ क्लिकवर आहे, म्हणजे डायलला दोन्ही बाजूंनी जागा आहे. कातळाच्या पायरीवर आता १६० मिमीपर्यंत ओ-रिंग जाते.

हलक्या वजनाच्या सगळ्यांना सांगेन: डायल एका टोकाला जाऊन संपला असेल तर दोष तुमच्या चालवण्यात शोधू नका.

बसायच्या बाजूनेही बरंच केलं. ८०० मिमीचा हँडलबार ७४० ला कापला. कापण्याआधी ग्रिप आत सरकवून महिनाभर चालवून बघितलं. ब्रेकचे लिव्हर बोटाच्या पेराजवळ आणले, एका बोटाने ओढता येतील इतके आत घेतले. क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमी ऐवजी १६५. लांब ट्रॅव्हलची बाईक चढताना मागे बसते, पेडल जमिनीजवळ येतं आणि धोंड्यांवर आपटतं. ५ मिमीने तो त्रास बराच कमी झाला.

डेक्कनवाला

@उतारावरची, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी. माझी बायको ५५ किलोची आहे आणि मी तिला अगदी हेच सांगत होतो, की जोरात चालव. आज तिला तुमचं लिखाण वाचायला दिलं आणि माझं चुकलं असं सांगितलं. तिचा फोर्क उघडायला देतोय.

सातारचा सडा

टायरवर कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडे दोन शत्रू, काळ्या कातळाच्या धारदार कडा आणि बाभळीचे काटे. काट्यांना ट्यूबलेस आणि सीलंट पुरतं, पण आपल्या उन्हात सीलंट लवकर आळतं. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, उन्हाळ्यात मी दर दोन महिन्यांनी ६० मिली घालतो. टायर हलवून कानाशी धरा, खळखळ ऐकू आली पाहिजे.

कातळाच्या कडेला मात्र टायरचा जाड कापडी थरच हवा. मागे जाड थराचा टायर घाला, वजनाची फिकीर करू नका. मी आधी पातळ टायरमध्ये ३० पीएसआय भरून रिम वाचवायचो. आता जाड टायरमध्ये २४. पुढे मॅक्सिसचा असेगाय, मऊ रबराचा. मुरुमावर काहीही घातलं तरी घसरणारच, तिथे ब्रेक सोडून बाईक वाहू द्यायची.

आणि एक विनंती. कासच्या पठारावर आणि आजूबाजूच्या सड्यांवर चाक घालू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे म्हणून एवढंच नाही. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर जाडीचा असतो, टायरची एक घसरट त्यावर कित्येक पावसाळे दिसते. गडांच्या पायवाटांवर शनिवार-रविवारी ट्रेकर मुलंबाळं घेऊन असतात, तिथेही नको. समोर माणूस किंवा गुरं दिसली की आपण थांबायचं, पाय टेकायचा.

मुरूमवाट

+१, शब्दन्‌शब्द.

जालोरीहून

मुंबईचा, पण वर्षातून एकदा बाईक घेऊन हिमाचलात जातो. उंचीचा मुद्दा जोडतो. मुंबईत बंद केलेला फोर्क जालोरी खिंडीत, ३१२० मीटरवर नेला की बाहेरचा दाब बराच कमी होतो. फोर्कच्या खालच्या पायांत अडकलेली हवा तिथे बाहेरच्या मानाने साडेचार पीएसआयच्या आसपास जास्त भरते. ही हवा सीलला बाहेर ढकलते आणि शेवटचा ट्रॅव्हल अडवते. मला वाटायचं, थंडीने फोर्क आखडला. नव्या फोर्कांच्या पायांमागे छोटी बटणं असतात, वर पोचल्यावर ती दाबायची, हवा निघून जाते. ज्यांना बटणं नाहीत त्यांनी ही गोष्ट मेकॅनिककडून शिकून घ्यावी. सीलखाली काहीतरी खुपसायच्या नादात नळीवर ओरखडा पडला तर फार महागात पडतं.

ब्रेकचं पण सांगतो. खिंडीतून उतरताना पहिल्या वर्षी माझा मागचा लिव्हर हँडलबारला टेकला. डॉट तेल (ब्रेक तेलाचा एक प्रकार) होतं, दोन मुंबईचे पावसाळे बघितलेलं. हे तेल हवेतली ओल शोषतं, ओल शोषली की त्याचा उकळबिंदू उतरतो, लांब उतारावर ते उकळतं आणि लिव्हर पोकळ होतो. आता जायच्या आधी न चुकता ब्लीड (हवा काढून नवं तेल). मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट किंवा डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल कधीही घालू नका, रबराचे सील फुगून पूर्ण ब्रेक जातो. रोटर दोन्हीकडे २०३ मिमी.

ग्रीसचे हात

बरोबर. नवे पॅड घातल्यावर लगेच घाटात जाऊ नका. सपाटीवर वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा दोन्ही ब्रेकना वेगवेगळं. पावसाळ्यात सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड जास्त टिकतात, आवाज करतात तो करू द्या.

आणि मागच्या सांध्यांच्या बेअरिंगकडे बघा. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने बाईक धुण्याची सवय असेल तर सोडा, ग्रीस धुऊन निघतं आणि लाल माती आत बसते. बादली, मग, ब्रश. शॉक सोडवून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करून बघा. तेलासारखा मऊ फिरला पाहिजे. कुठे अडखळला तर ते बेअरिंग गेलं. पिव्हटचे (त्या सांध्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), फ्रेमवर लिहिलेल्या आकड्यालाच.

नवीन पेडल

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मागे हवेचा शॉक काढून कॉइल (लोखंडी स्प्रिंगचा शॉक) घालावा का? वर उन्हाचं वाचलं म्हणून विचारतोय.

स्क्वामिशकर

कॉइल उन्हाने बदलत नाही हे खरं, घर्षणही कमी, दगडी उतारावर पकड फार छान. पण स्प्रिंग तुमच्या वजनाचीच लागते, आणि वजन बदललं की नवी स्प्रिंग. शिवाय कॉइल शेवटपर्यंत सारख्याच दराने दबते. तुमच्या फ्रेमची लिंकेज (मागचं चाक आणि शॉक जोडणारी सांध्यांची रचना) शेवटाकडे कडक होत जाणारी नसेल तर प्रत्येक उडीला तळ लागेल. हवेच्या शॉकमध्ये टोकनने जे मिळतं ते कॉइलमध्ये फ्रेमकडूनच यावं लागतं. आधी आहे तो शॉक नीट बसवा, मग ठरवा.

मुरूमवाट

सहा आठवड्यांनी परत लिहितोय.

तेलानंतर बदल फार नाही केले. कम्प्रेशन दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडं करून बघितलं, मग फोर्कचं संथ कम्प्रेशन तीन क्लिक बंद केलं, कारण कातळाच्या पायरीआधी ब्रेक मारला की पुढचं टोक फार बुडत होतं. जलद कम्प्रेशन उघडंच ठेवलंय. ते एक टोकनही काढायचा मोह झाला होता, काढलं, आणि त्याच दिवशी तळ लागला, परत घातलं. उन्हामुळे शॉकची थोडी हवा काढली आणि रिबाउंड एक क्लिक मंद केला, सॅग पुन्हा साडेएकोणीस. हेही वहीत आहे, शेजारी ३७ अंश लिहिलंय.

गेल्या रविवारी घाटवाट पूर्ण उतरलो. पाच वर्षांपूर्वी हार्डटेल खांद्यावर घेऊन जिथे चालत उतरलो होतो तिथे बाईकवरून उतरलो, दोन जागा सोडून. खाली ओढ्याजवळ थांबून ओ-रिंग बघितली. पुढे १६४, मागे ६२. बोटं बधिर नव्हती.

@ग्रीसचे हात, मागचा त्रिकोण सोडवून बघितला, खालच्या मुख्य सांध्याचं डावं बेअरिंग अडखळतंय. पावसाळ्याआधी बदलायचं आहे. फ्रेम न खरवडता ते बाहेर काढायला काय वापरता?

ग्रीसचे हात

हातोडी नाही, हे पहिलं. बेअरिंगच्या मापाची ढकलणी, म्हणजे एक लांब बोल्ट आणि दोन्ही बाजूंना वॉशरसारखे दोन कप. एका बाजूचा कप बेअरिंगपेक्षा जरा लहान, दुसऱ्या बाजूचा मोठा, आवळत गेलं की बेअरिंग मोठ्या कपात सरकतं. उजवंही बदला, एकट्याचं आयुष्य लांबत नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो तो इथे लिहा, कुठलं घ्यायचं ते सांगतो.